अमेरिकेच्या इतिहासाची वळणे आणि आमचे शिवार

“सातासमुद्रांपलीकडच्या अमेरिकेचा इतिहास कळमनुरीच्या मुलामुलींनी पाठ करून काय उपयोग?” असा प्रश्न पालकवर्गाकडून पुष्कळदा विचारला जातो. प्रश्न सरळ आहे, आणि तो विचारण्याचा पालकांस पूर्ण अधिकार आहे. ज्या घरात पेरणीचे पैसे व शाळेचे पैसे एकाच गाठोड्यातून काढावे लागतात, त्या घराने प्रत्येक विषयाचा हिशेब मागितला तर त्यात वावगे काही नाही. तो हिशेब देण्याचा यत्न आम्ही ह्या लेखात करीत आहो.

अध्यक्षांची नावे आणि लढायांच्या तारखा एवढाच जर तो इतिहास असेल, तर तो परीक्षेनंतर विसरला तरी चालेल, हे आम्ही आधीच मान्य करतो. परंतु तोच इतिहास नीट शिकला तर दोन गोष्टी हाती लागतात. एक अशी की, त्या देशात घडलेल्या प्रत्येक मोठ्या उलाढालीचा धक्का आमच्या शेतापर्यंत, ताटापर्यंत आणि शाळेपर्यंत येऊन पोचला आहे. दुसरी अधिक महत्त्वाची. कागदावर लिहिलेले वचन आणि ते शेवटच्या माणसाच्या घरी पोचणे ह्यांच्यामध्ये किती वर्षांचे अंतर असू शकते, हे त्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते. ज्या मराठी माणसांनी हे अंतर ओळखून तो इतिहास वाचला, त्यांच्या हातून आपल्या देशात मोठी कामे झाली.

प्रथम त्या इतिहासाचा नकाशा डोळ्यांपुढे मांडू. ४ जुलै १७७६ रोजी तेरा वसाहतींनी इंग्लंडपासून आपले स्वातंत्र्य जाहीर केले आणि सर्व मनुष्ये जन्मतः समान आहेत हे तत्त्व त्या जाहीरनाम्यात नमूद केले. अर्वाचीन अमेरिकेची कथा मात्र १८६१ सालच्या यादवी युद्धापासून सुरू होते असे मानावयास हरकत नाही. त्या युद्धाचे व त्यानंतरच्या पुनर्रचनेचे पहिले युग १८७७ साली संपते. दुसरे युग आगगाड्या, पोलाद, खनिज तेल आणि प्रचंड कारखाने ह्यांचे; त्यात मूठभर माणसे कुबेर झाली व लक्षावधी मजूर युरोपातून तेथे आले. विसाव्या शतकाच्या प्रारंभीची वीस वर्षे सुधारणांची. त्यापुढे १९२९ साली सुरू झालेली महामंदी व तिच्यामागून आलेले दुसरे महायुद्ध हे चौथे युग. १९४५ नंतर सोव्हिएत रशियाशी शीतयुद्ध सुरू झाले, आणि त्याच काळात काळ्या नागरिकांची हक्कांची चळवळ उभी राहिली; हे पाचवे. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर सहाव्या युगास आरंभ झाला. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला, २००८ चे आर्थिक संकट आणि त्याच वर्षी बराक ओबामा ह्यांची अध्यक्षपदी झालेली निवड ही त्यातील ठळक स्थळे होत.

आता ह्या नकाशावर आमचे शिवार कोठे आहे ते पाहू. कळमनुरीच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. नदीच्या पलीकडे वऱ्हाड. १८५३ सालच्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. अलीकडचा आमचा मुलूख मात्र निजामाच्या राज्यातच, म्हणजे लोकांच्या बोलीत मोगलाईत, राहिला. दोन्ही तीरांची काळी जमीन एकच आणि कपाशीचे पीकही एकच. त्या काळी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्याच्या गिरण्या जो कापूस कातीत, त्यापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येत असे. तो कापूस पिकविणारे, निंदणारे आणि वेचणारे हात बहुतांशी गुलामांचे होते. १८६० साली त्या देशात सुमारे चाळीस लक्ष माणसे गुलामगिरीत होती.

१८६१ च्या एप्रिलमध्ये उत्तर व दक्षिण अमेरिकेत युद्ध जुंपले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या, तेथील मजूर उपाशी पडले, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव काही पटींनी चढला. वऱ्हाडात खामगाव व अमरावती ह्या पेठा गजबजल्या, आणि ज्या शेतात ज्वारी होई तेथे कपाशी उभी राहू लागली. मुंबईत तर समुद्र बुजविण्याच्या कंपन्यांचे शेअर सोन्याच्या भावाने विकले गेले. परंतु १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार हे कळताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी मुंबईच्या शेअरबाजारात हाहाकार उडाला आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. शेतकऱ्याच्या घरी तेजीच्या भरवशावर काढलेले कर्ज तेवढे उरले. त्यात सरकारी साऱ्याची वाढ व सावकाराचे व्याज ह्यांची भर पडून दक्षिणेतील शेतकरी हवालदिल झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली, त्या दंग्याच्या कारणांत अमेरिकन युद्धानंतरची ही घसरणही होती. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला.

विद्यार्थिमित्रहो, फोर्ट सम्टर येथे सुटलेल्या तोफेच्या गोळ्याचा परिणाम सुपे गावच्या दप्तरापर्यंत कसा पोचला, हे एकदा नीट समजून घ्या. मग १८६१ हा आकडा तुम्हांस पाठ करावा लागणार नाही.

ही झाली बाजाराची बाजू. वचनाची बाजू ह्याहून गंभीर आहे. अध्यक्ष लिंकन ह्यांनी १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर संस्थानांतील गुलाम मुक्त झाल्याचे जाहीर केले. १८६५ साली राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी सर्व देशातून नष्ट केली. १८६८ साली चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्वाची व समान संरक्षणाची हमी दिली. १८७० साली पंधराव्या दुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. ह्या वार्ता पुण्यास पोचल्या तेव्हा त्यांचा खरा अर्थ ज्यांना कळला, ते महात्मा जोतीराव फुले होत. थॉमस पेन ह्यांचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांनी तरुणपणीच वाचले होते. अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार ह्यांची मुलींची शाळा पाहून त्यांस पुण्यात शाळा काढण्याची स्फूर्ती झाली होती. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस तो अर्पण केला. त्यांनी त्या युद्धाकडे कापसाच्या भावाच्या खिडकीतून पाहिले नाही. ज्यांच्या घामावर ते भाव उभे होते, त्या माणसांकडे पाहिले, आणि लगेच आपल्या गावकुसाबाहेर पाहिले. परदेशाचा इतिहास वाचण्याची हीच खरी रीत होय असे आम्हांस वाटते.

परंतु अमेरिकेत पुढे काय झाले? १८७७ साली दक्षिणेतील पुनर्रचना सोडून देण्यात आली व केंद्राच्या फौजा मागे घेतल्या गेल्या. कागदावरील दुरुस्त्या तशाच राहिल्या. मात्र मतदानावर कर, वाचनाच्या परीक्षा आणि उघड दहशत ह्यांच्या योगे काळ्या नागरिकांचे मत हिरावून घेतले गेले. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, सोयी समान असल्यास वेगवेगळे बसविणे घटनेस धरून आहे, असा निर्णय दिला. आगगाडीचा डबा वेगळा, शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. ‘समान’ हा शब्द निर्णयात राहिला; वाट्यास आली ती वेगळी आणि हलकी जागा. तीन दुरुस्त्यांनी १८७० साली वळलेली गाडी अशा रीतीने पुन्हा जुन्या रस्त्यास लावण्यात आली. तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी वहीत ‘१८६५: गुलामगिरी नष्ट’ असे लिहिले असेल, तर त्याखाली १८७७ आणि १८९६ हेही आकडे लिहावे, नाहीतर वाक्य अर्धे राहील.

त्याच सुमारास दोन मराठी स्त्रियांनी तो देश प्रत्यक्ष पाहिला. आनंदीबाई जोशी १८८३ साली एकट्या अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची एम. डी. ही पदवी त्यांनी मिळविली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत, आनंदीबाई पुण्यात क्षयाने वारल्या. रमाबाईंनी मात्र तेथे सुमारे तीन वर्षे राहून शाळा, संस्था, कारखाने, स्त्रियांच्या सभा हे सर्व बारकाईने न्याहाळले, आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्या देशाच्या उद्योगप्रियतेचे व स्त्रीशिक्षणाचे त्यांनी मनापासून कौतुक केले, पण काळ्या लोकांविषयी व मूळ रहिवाशांविषयी तेथे असलेला अन्यायही लिहावयाचा राहू दिला नाही. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी १८४८ साली सेनेका फॉल्स येथील सभेत झाली होती. घटनेने तो हक्क दिला तो १९२० साली. म्हणजे त्या सभेत तरुण असलेल्या बहुतेक स्त्रियांस मतपेटी पाहण्यापूर्वीच मरण आले.

आनंदीबाईंच्या पदवीनंतर सत्तावीस वर्षांनी, १९१३ साली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेव्हा तेथे सुधारणांचे युग चालू होते. कारखान्यांतील बालमजुरी, मक्तेदार कंपन्या, शहरांतील गलिच्छ वस्त्या ह्यांवर वाद झडत होते. जॉन ड्यूई व सेलिग्मन ह्यांच्यासारखे गुरू त्यांस लाभले. १९१६ पर्यंत ते तेथे राहिले. तेथील काळ्या लोकांच्या लढ्याचे त्यांचे लक्ष पुढेही सुटले नाही. १९४६ साली त्यांनी त्या लढ्याचे पुढारी द्यु बॉइस ह्यांस पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे काळ्या लोकांनी केलेल्या अर्जाची चौकशी केली. नंतर जी भारताची राज्यघटना त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली, तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. वचन लिहिल्याने काम संपत नाही हे त्यांस ठाऊक होते. म्हणूनच घटना अमलात आली त्याच १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, त्यांनी महाविद्यालय सुरू केले. मागासलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षण पोचावे हा त्यांचा हेतू होता, आणि ह्या भागातील कित्येक घरांतील पहिला पदवीधर त्या मिलिंद महाविद्यालयातून बाहेर पडला आहे.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. शेतमालाच्या किमती जगभर घसरल्या, आणि हिंदुस्थानातील कापूस व धान्य पिकविणारा शेतकरी त्यातून सुटला नाही. ह्या संकटातून एक नवा विचार पुढे आला. मनुष्य धडधाकट असून त्यास काम मिळत नसेल तर तो केवळ त्याच्या नशिबाचा प्रश्न नाही, सरकारचाही आहे, हा तो विचार. अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी १९३३ पासून रस्ते, धरणे, वनीकरण अशी सार्वजनिक कामे काढून लक्षावधी हातांस काम दिले आणि १९३५ साली वृद्धांसाठी व बेकारांसाठी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. असाच प्रश्न महाराष्ट्रासमोर १९७२ च्या दुष्काळात उभा राहिला. वि. स. पागे ह्यांच्या पुरस्काराने आलेली रोजगार हमी योजना तेव्हा राज्यभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. हातात टोपले घेऊन खडी फोडण्याच्या कामावर गेलेली माणसे आमच्या पालकांच्या घरात आजही आहेत. त्यांना त्या कामाविषयी विचारा. महामंदीवरील धडा त्यांच्या तोंडून अधिक चांगला कळेल.

त्याच वडीलधाऱ्यांना ‘मिलो’ हा शब्द आठवत असेल. दुष्काळाच्या दिवसांत रेशनवर मिळणारी ती लालसर ज्वारी परदेशातून येई. त्यापूर्वी, १९५६ साली भारताने अमेरिकेशी धान्याचा करार केला होता आणि दशकभर अमेरिकेच्या गव्हावर आमची पुष्कळ गुजराण झाली. उपकार खरेच, परंतु आपल्या चुलीची किल्ली दुसऱ्याच्या हाती असणे किती कष्टाचे असते, हेही १९६५ ते १९६७ च्या टंचाईत देशास कळले. पुढे अन्नधान्यात स्वावलंबन आले ते त्या अनुभवातून.

अमेरिकेचे सर्वांत मोठे वळण, आमच्या मते, १९५४ ते १९६५ ह्या अकरा वर्षांत घडले. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. न्यायालयाने लिहिले, परंतु शाळेचा उंबरठा ओलांडावयाचा होता तो मुलांनी. १९५७ च्या सप्टेंबरात लिटल रॉक गावी नऊ काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या हायस्कुलात जाण्यास निघाले. राज्यपालाने पहारा बसवून त्यांस अडविले, जमावाने शिव्या दिल्या. शेवटी अध्यक्ष आयसेनहॉवर ह्यांना सैन्य पाठवावे लागले आणि संगिनींच्या बंदोबस्तात ती मुले वर्गात गेली. ती तुमच्याच वयाची होती. देशाच्या इतिहासास वळण देण्यासाठी त्यांनी केले काय? पुस्तके घेऊन ती रोज शाळेत गेली.

ह्या चळवळीचे नेते मार्टिन लूथर किंग १९५९ साली भारतात आले होते. गांधीजींच्या अहिंसक प्रतिकाराचा मार्ग त्यांनी पत्करला होता. केरळातील एका शाळेत, पूर्वी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांपुढे, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतून आलेले आपल्यासारखेच एक अस्पृश्य बंधू’ अशा अर्थाच्या शब्दांत करून दिली. किंग ह्यांस प्रथम धक्का बसला. मग विचार करता ते खरेच आहे असे त्यांस पटले. ही हकीकत त्यांनी स्वतः १९६५ सालच्या एका प्रवचनात सांगितली. १८७३ साली फुल्यांनी अमेरिकेच्या आरशात आपला समाज पाहिला. ८६ वर्षांनी एका अमेरिकन पुरुषाने आमच्या आरशात आपला देश पाहिला. १९६४ च्या नागरी हक्कांच्या व १९६५ च्या मतदानहक्काच्या कायद्यांनी, १८७० साली दिलेले वचन ९५ वर्षांनंतर पाळावयास खरा आरंभ झाला.

१९६५ सालच्याच आणखी एका कायद्याने त्या देशाचे दार उघडले. तोपर्यंत आशियातील लोकांस तेथे जवळजवळ मज्जाव होता. १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयास नागरिकत्वाचा हक्क नाकारला होता, आणि १९४६ साली तो मिळाला तेव्हा भारतातून वर्षास केवळ शंभर माणसांस वसाहतीची परवानगी होती. १९६५ नंतर डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक अशी मराठी कुटुंबे तेथे जाऊ लागली; १९८१ साली त्यांनी उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापिले. आज मराठवाड्यातील गावांतूनही कोणा ना कोणाचा मुलगा किंवा मुलगी तेथे आहे. ते दार उघडले गेले त्यामागे काळ्या नागरिकांनी सोसलेल्या लाठ्यांचे पुण्य आहे, हे त्या मुलांनी विसरू नये.

आम्ही अमेरिकेची स्तोत्रे गात आहो असा कोणी ग्रह करून घेऊ नये. १८९० साली वूंडेड नी येथे मूळ रहिवाशांच्या बायकामुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या तो इतिहासही त्याच देशाचा. १९४२ साली जपानी वंशाच्या सुमारे एक लक्ष वीस हजार लोकांस, त्यांपैकी बहुतेक अमेरिकेचे नागरिक असताही, काट्यांच्या कुंपणात डांबले गेले. व्हिएतनाममध्ये जे झाले ते जगास ठाऊक आहे. परंतु १९८८ साली त्याच देशाने कायदा करून त्या जपानी कुटुंबांची क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येकास वीस हजार डॉलर दिले, हेही सांगावयास हवे. डोळे झाकून पूजा करणे आणि डोळे झाकून निंदा करणे ह्या दोन्हींत विचाराचे कष्ट वाचतात. विद्यार्थ्याने तेच कष्ट घ्यावयाचे असतात.

आणि आजही ते शिवार अमेरिकेपासून दूर नाही. आमच्या शेतांत कपाशीशेजारी उभे असलेले सोयाबीन भारतात रुजले ते १९६० नंतरच्या दशकात, इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पंतनगर व जबलपूर येथे झालेल्या प्रयोगांतून. २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीतील जनुक अमेरिकन कंपनीचे, आणि ते बियाणे आणणारी कंपनी आमच्या जालन्याची. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातकर बसविला; कापडगिरण्यांच्या सोयीसाठी भारत सरकारने त्याच महिन्यात परदेशी कापसावरील ११ टक्के कर काही महिन्यांपुरता उठविला, आणि वेचणीच्या तोंडावर आमच्या शेतकऱ्यास भावाची चिंता लागली. १८६५ आणि २०२५ ह्या दोन सालांमध्ये १६० वर्षे गेली. आपला भाव कोठे व कसा ठरतो हे न कळणारा शेतकरी तेव्हा बुडाला; ते ज्याला कळते अशी पिढी घडविणे हे शाळेचे काम आहे. पालकांनी मागितलेल्या हिशेबाचे आमचे पहिले उत्तर हे.

दुसरे उत्तर वचनासंबंधी आहे. आमच्या ह्या भागासही आपली वळणे आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. १ मे १९६० रोजी मराठवाडा महाराष्ट्र राज्यात आला. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, पण दंगली, घरे जाळणे आणि मोर्चे ह्यांतून जाऊन तो प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव आणि अंमल ह्यांमध्ये सोळा वर्षे गेली. ज्याने अमेरिकेचे १८७० आणि १९६५ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले आहेत, त्यास आमचे १९७८ आणि १९९४ समजावून सांगावे लागत नाहीत. आणि त्यास हेही कळते की, आपल्या गावात अजून कोणते वचन पाळावयाचे राहिले आहे, हे विचारण्याचा अधिकार व जबाबदारी आपली आहे.

असे एक वचन आम्ही पालकांपुढे स्पष्ट मांडतो. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. कागद पुरा झाला. परंतु दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटली की वर्गातील काही बाके रिकामी पडतात. बाके बहुधा मुलींची असतात. मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, पावसाने कापूस भिजेल, ह्या अडचणी खऱ्या आहेत. त्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पण कापसाच्या स्वस्ताईचा भार वेचणाऱ्या हातांवर टाकण्याची रीत ज्या देशात एके काळी होती, त्याला त्याची किंमत रक्ताने मोजावी लागली, आणि शंभर वर्षांनंतरही ती पुरी फिटली नाही. महिनाभर बुडालेली शाळा म्हणजे पुष्कळ वेळा कायमची सुटलेली शाळा असते, आणि मग लग्नाची घाई होते. शाळेतून एकदा गेलेली मुलगी परत आणणे हे एक पीक हातचे गेल्याहून कितीतरी कठीण आहे. वेचणीची सोय शेजाऱ्यांनी आळीपाळीने करावी, सुटीचे दिवस उपयोगात आणावे, शाळेशी बोलावे. परंतु मुलीचे नाव हजेरीपटावर आणि मुलगी शेतात, असे होऊ देऊ नये.

विद्यार्थ्यांस एक सूचना करून हा लेख पुरा करतो. वहीचे एक पान मधोमध आखा. डाव्या बाजूस अमेरिकेच्या इतिहासातील एकेक साल लिहा: १८६५, १८९६, १९२९, १९५४, १९६५. उजव्या बाजूस त्या साली, किंवा त्याच्या मागेपुढे, आपल्या मुलखात काय चालले होते ते शोधून लिहा. आजोबांना विचारा, आजीला विचारा, ग्रंथालयात पाहा, बाजार समितीत जुने भाव मिळाले तर तेही टिपा. शेवटी प्रत्येक सालासमोर एकच प्रश्न लिहा: हे वचन शेवटच्या घरी केव्हा पोचले? उत्तर न सापडल्यास जागा कोरी ठेवा. त्या कोऱ्या जागा भरण्याचे काम तुमच्या पिढीकडे आले आहे, आणि ते करावयाचे तर आधी रोज शाळेत यावयास हवे.